फ्यूज शाबूत, जोड जळालेला

मोटारीच्या विजेच्या यंत्रणेत एक बिघाड असा आहे की, तो ज्या विद्यार्थ्याला नीट उलगडता आला त्याला ओहमचा नियम समजला असे खुशाल म्हणावे. गाडी रोजच्यासारखी चालू असते. एके दिवशी बॉनेटखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. उघडून पाहावे तर आल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या जाड तारेचे टोक काळे पडलेले, त्यावरचे आवरण वितळून गळालेले. आल्टरनेटर ठीक, बॅटरी ठीक आणि फ्यूजही शाबूत! मग जळले काय आणि कशाने?

जळला तो जोड. दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात ती जेमतेम वाटाण्याएवढी जागा. पाठ्यपुस्तकातील परिपथाच्या आकृतीत ही जागा आपण एका ठिपक्याने दाखवतो आणि तिचा रोध शून्य धरतो. कागदावर ते चालते. अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या रस्त्यावर भर पावसात तासभर रखडलेल्या गाडीत ते चालत नाही. हा ठिपका का तापतो, फ्यूज त्याला का वाचवत नाही आणि तो नेमका शोधायचा कसा, हे या लेखात पाहू.

धारेचा रस्ता

मोटारीची बॅटरी ही इंजिन सुरू करण्यापुरती. इंजिन एकदा सुरू झाले की सर्व दिवे, वायपर, पंखे यांना वीज पुरवणे आणि बॅटरीने गमावलेला भार तिला परत देणे, ही दोन्ही कामे आल्टरनेटर करतो. पट्ट्याने इंजिनाशी जोडलेले हे यंत्र प्रत्यावर्ती धारा निर्माण करते. आतील डायोड तिची दिष्ट धारा करतात आणि रेग्युलेटर तिचे विभवांतर साधारणपणे १४ ते १४.५ व्होल्टच्या आत राखतो.

आल्टरनेटरच्या मागच्या जाड खुंटीवरून निघालेली धारा थिंबल (तारेच्या टोकावरची धातूची कडी), जाड तार, मुख्य फ्यूज आणि पुन्हा तार अशी बॅटरीच्या धन टोकाला पोहोचते. परतीचा रस्ता गाडीच्या सांगाड्यातून असतो. बॅटरीचे ऋण टोक एका पट्टीने सांगाड्याला, सांगाडा दुसऱ्या पट्टीने इंजिनाला आणि इंजिनावर बोल्टने आवळलेला आल्टरनेटर. गॅरेजमध्ये यालाच ‘अर्थिंग’ म्हणतात. जाण्याच्या आणि परतीच्या या रस्त्यावरचे जोड मोजले तर सहज आठ-दहा भरतात. तारेपेक्षा काळजी करायची ती या जोडांची.

धारा किती असते? पावसाळी संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर कोंडीत अडकलेली एक लहान मोटार घेऊ. पुढचे-मागचे दिवे मिळून सुमारे १४० वॉट, वायपर ५० वॉट, काचेवर हवा सोडणारा ब्लोअर १३० वॉट, रेडिएटरचा पंखा १२० वॉट, वातानुकूलनाचा क्लच ४० वॉट आणि इंजिनाची स्वतःची गरज १०० वॉट धरली, तर बेरीज ५८० वॉट होते. त्याला १४ व्होल्टने भागले की सुमारे ४१ अँपिअर. घरातील गिझरची धारा ८ ते १० अँपिअर असते हे ध्यानात घेतले, म्हणजे मोटारीतील ‘फक्त बारा व्होल्ट’ हे शब्द किती फसवे आहेत ते कळते. विभवांतर कमी आणि शक्ती तीच, तर धारा जास्त असणारच. आणि उष्णता तर धारेच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते.

छोटा रोध, मोठी उष्णता

आकडेमोडीसाठी धारा ४० अँपिअर धरू. चांगल्या जोडाचा रोध एक मिलिओहम, म्हणजे एक ओहमचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी असतो. I²R या सूत्राने उष्णता निघते ४० × ४० × ०.००१ = १.६ वॉट. एवढी उष्णता तारेतून आणि हवेत सहज निघून जाते.

आता हाच जोड ढिला होऊन किंवा गंजून त्याचा रोध १० मिलिओहम झाला असे समजा. उष्णता होईल १६ वॉट. रोध २५ मिलिओहमवर गेला की ४० वॉट. रेडिओ दुरुस्तीचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते आणि ते कथील वितळवते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे त्या वाटाण्याएवढ्या जागी आपण नकळत एक सोल्डरिंग आयर्न तासन्तास चालू ठेवले आहे!

इथे विद्यार्थी हमखास विचारतात, की तारेलाही रोध असतो, मग तार का जळत नाही? प्रश्न अगदी योग्य आहे. सहा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ३ मिलिओहम असतो. दोन मीटर तारेत ४० अँपिअर धारेने साडेनऊ वॉट उष्णता निघते. ती दोन मीटर लांबीवर पसरलेली असते, म्हणून तार फक्त कोमट होते. तेवढीच उष्णता एका बिंदूपाशी निघाली तर ती जागा भाजून निघते. उष्णता किती, या प्रश्नाबरोबर ती किती जागेत, हाही प्रश्न विचारायला हवा.

टेकणे म्हणजे नेमके काय?

घासून गुळगुळीत केलेले दोन पितळी तुकडे एकमेकांवर ठेवले, तर ते सर्वत्र टेकले आहेत असे आपल्याला वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र प्रत्येक पृष्ठभाग म्हणजे सह्याद्रीच्या रांगा दिसतात. दोन रांगा एकमेकींवर उलट्या ठेवल्या तर शिखरे तेवढी टेकतील आणि दऱ्या मोकळ्याच राहतील. धातूंचेही तसेच होते. दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी थोडा भाग खरोखर एकमेकांना भिडतो आणि सगळी धारा त्या मूठभर ठिपक्यांतून वाट काढते. रुंद रस्त्यावरची वाहने एका अरुंद फाटकातून जावीत, तशी. या अडवणुकीमुळे जो रोध येतो त्याला संपर्करोध म्हणतात. रॅग्नार होल्म या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात या विषयाचा पाया घातला.

यातून एक व्यवहाराचा नियम निघतो. जोड दाबून धरला की शिखरे चेपतात, टेकणाऱ्या ठिपक्यांचे क्षेत्रफळ वाढते आणि रोध घटतो. म्हणून जोडाचा चांगुलपणा थिंबल किती मोठी आहे यापेक्षा ती किती घट्ट आवळली आहे आणि तिचा पृष्ठभाग किती स्वच्छ आहे, यावर अवलंबून असतो.

जोड बिघडायला सुरुवात झाली की एक दुष्टचक्र सुरू होते. जोड तापला की धातूवर ऑक्साइडचा थर लवकर चढतो. हा थर विजेचा फारच वाईट वाहक असतो. कनेक्टरमधील पितळी पत्ती उष्णतेने आपला ताण गमावते आणि पकड सैल होते. तांब्याचा रोधही तापमानाबरोबर वाढतो. १०० अंशांनी तापमान वाढले की सुमारे ३९ टक्के. तारेवरचे पीव्हीसीचे आवरण फार तापले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलाव्याशी मिळून तो तांब्याला अधिकच खातो. या प्रत्येक गोष्टीने रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि चक्र पुन्हा फिरते. म्हणूनच असे जोड अनेक महिने फक्त कोमट राहतात आणि शेवटी थोड्या दिवसांत जळून जातात.

मुंबईची हवा आणि आपल्या सवयी

हे दुष्टचक्र सुरू करून देणाऱ्या कारणांची मुंबईच्या उपनगरांत वाण नाही. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. पावसाळ्यात हवेची आर्द्रता महिनोन्महिने जास्त असते. मीठ आणि ओलावा एकत्र आले की धातूवर विद्युतवाहक द्रवाचा पातळ थर तयार होतो. त्यात तांब्याची थिंबल, आल्टरनेटरचे अ‍ॅल्युमिनियमचे अंग, सांगाड्याचे लोखंड आणि बॅटरीच्या शिशाच्या खुंट्या असे वेगवेगळे धातू शेजारी शेजारी असले, की तिथे एक छोटा विद्युत घटच तयार होतो आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू झिजतो. तांब्यावर येणारा हिरवट थर आणि बॅटरीच्या टोकावर साठणारी पांढरी-निळी भुकटी ही त्याच रासायनिक व्यवहाराची उघड खूण.

साचलेले पाणी हा त्यापुढचा प्रकार. अंधेरीचा भुयारी मार्ग पावसाळ्यात तुंबणे हे उपनगरवासीयांना नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो वाहने पाण्याखाली गेली. अशा पाण्यात नुसते पावसाचे पाणी नसते. गटाराचे पाणी, क्षार आणि चिखलही असतो. गाडी वाळवून सुरू केली तरी कनेक्टरच्या खोबणीत गेलेला क्षार तिथेच राहतो आणि पुढे कितीतरी दिवस आपले काम करत बसतो. बुडालेल्या गाडीचे कनेक्टर उघडून, धुऊन, वाळवून पुन्हा बसवणे म्हणूनच आवश्यक असते.

कोंडीचाही यात वाटा आहे. गाडी जागच्या जागी उभी असली की बॉनेटखाली वारा खेळत नाही, रेडिएटरचा पंखा मात्र सतत फिरतो. म्हणजे धारा जास्तीत जास्त आणि जोडांना मिळणारा थंडावा कमीत कमी. त्यात इंजिनाची थरथर भर घालते. कनेक्टरची दोन अंगे एकमेकांवर केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकत राहतात, वरचा कथिलाचा मुलामा खरवडला जातो आणि त्याची ऑक्साइडची भुकटी जोडातच साठते.

बाकीची कारणे माणसाने निर्माण केलेली आहेत. डेंटिंग-पेंटिंग करताना अर्थिंगच्या बोल्टखालची जागाही रंगवली जाते आणि बोल्ट रंगावरच आवळला जातो. रंग हा विसंवाहक! मोठा हॉर्न, जादा दिवे, गाण्यांची यंत्रणा यांच्या तारा मूळ तारेला पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धतही अशीच. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो आणि पावसाळ्यात पाणी आत जाते.

जुन्या गाड्यांत हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि पुढे पद्मिनी या नावाने बाहेर पडलेल्या गाड्यांनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी घडवली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. त्या पिढीतील जुन्या गाड्यांना आल्टरनेटरऐवजी डायनॅमो असे. इंजिन मंद फिरत असताना तो फारशी धारा देत नसे. सिग्नलला गाडी थांबली की दिवे पिवळे पडत. महिंद्र कंपनीने मुंबईत जुळवणी केलेल्या विलिस जीपमध्ये चालकासमोर अ‍ॅमीटर असे. अ‍ॅमीटर एकसर जोडणीत बसवावा लागतो हे आपण शिकवतोच. त्यामुळे बॅटरीला भार देणारी धारा आधी चालकासमोरच्या त्या दोन स्क्रूंपर्यंत येई आणि मग परत जाई. म्हणजे आणखी जोड, तेही तारांच्या गर्दीत. पुढे मोटारींत अ‍ॅमीटरऐवजी व्होल्टमीटर किंवा नुसता इशारा देणारा दिवा आला. त्यामागे धारेचा रस्ता आखूड करणे हेही एक कारण होते.

फ्यूज गप्प का राहतो?

फ्यूजचे काम एकच. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धारा वाहू लागली की वितळणे. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर परिपथाचा रोध एकदम घटतो, धारा भडकते आणि फ्यूज आपले काम करतो. खराब जोडात घडते ते नेमके उलट. तिथे रोध वाढतो. रोध वाढला की धारा वाढत नाही. झालीच तर थोडी कमी होते. साठ किंवा ऐंशी अँपिअरच्या फ्यूजमधून चाळीस अँपिअर धारा वाहत असेल, तर फ्यूजच्या दृष्टीने सारे आलबेल असते. शेजारचा जोड भाजतो आहे हे कळण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते. कित्येक जुन्या गाड्यांत तर या जाड तारेला फ्यूजच नसे.

म्हणून ‘फ्यूज उडाला नाही, म्हणजे विजेचा दोष नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. फ्यूज थोडा गरम वाटला म्हणून त्याजागी जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे तर घातकच. पुष्कळदा फ्यूज स्वतः तापलेला नसून, ज्या पत्त्यांत तो खोचलेला असतो त्या सैल झालेल्या असतात.

शोध कसा घ्यावा?

रोध वाढला आहे, तर मल्टिमीटर ओहमवर लावून मोजावा, हे पहिले सुचते. पण साध्या मल्टिमीटरची सर्वांत खालची पट्टी २०० ओहमची असते आणि तिच्यावर ०.१ ओहमपेक्षा बारीक फरक दिसत नाही. मीटरच्या तारांचाच रोध त्याहून जास्त भरतो. आपला गुन्हेगार आहे ०.०१ ओहमचा. म्हणजे गव्हाच्या दाण्याचे वजन लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर करण्यासारखे झाले. टेस्टलॅम्पचेही तेच. त्यातून पाव अँपिअर धारा वाहते. १० मिलिओहमच्या जोडावर तिच्यामुळे फक्त अडीच मिलिव्होल्ट गळतात आणि दिवा लख्ख लागतो. तारेच्या पन्नास धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असला तरी तो लागेल!

यावर उपाय ओहमच्या नियमातच आहे. रोध थेट मोजता येत नसेल तर त्यातून मोठी धारा जाऊ द्यावी आणि दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. ४० अँपिअर धारेला ०.०१ ओहमवर ०.४ व्होल्ट पडतात आणि तेवढे विभवांतर अगदी स्वस्त मल्टिमीटरही बिनचूक दाखवतो. गॅरेजमध्ये याला ‘व्होल्टेज ड्रॉप’ पाहणे म्हणतात. यातील मर्म असे, की जोडाची परीक्षा तो काम करत असताना घ्यायची. इंजिन बंद करून नव्हे.

पद्धत अशी. इंजिन सुरू करून त्याची गती थोडी वाढवून स्थिर ठेवावी. मोठे दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा तापक असे सारे चालू करावे. मीटर दिष्ट विभवांतराच्या २० व्होल्टच्या पट्टीवर लावून एक टोक आल्टरनेटरच्या जाड खुंटीवर आणि दुसरे बॅटरीच्या धन खुंटीवर टेकवावे. टोक खुंटीच्या शिशावरच टेकवावे, भोवतीच्या क्लॅम्पवर नको. नाहीतर खुंटी आणि क्लॅम्प यांच्यातला जोड मोजण्यातून निसटेल. वाचन ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३ च्या पुढे संशय घ्यावा, ०.५ च्या पुढे दोष नक्की. मग परतीचा रस्ता तपासावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे आल्टरनेटरच्या उघड्या धातूवर. इथेही ०.२ व्होल्टची मर्यादा धरावी. पुष्कळ जण हा अर्धा भाग विसरतात आणि दोष नेमका तिथेच असतो.

समजा, धन बाजूवर एकूण ०.६२ व्होल्ट मिळाले. आता मीटरची टोके जवळ जवळ आणत एकेक टप्पा मोजायचा. खुंटी ते थिंबल ०.०३, थिंबल ते तार ०.०५, तारेची लांबी ०.१६, मुख्य फ्यूजच्या अलीकडून पलीकडे ०.३१, शेवटची तार, क्लॅम्प आणि खुंटी मिळून ०.०७. बेरीज बरोबर ०.६२. हा किर्चहॉफचा नियम! एकसर जोडणीतील विभवांतरांची बेरीज एकूण विभवांतराइतकी असते, हे वाक्य इथे चोर पकडून देते. फ्यूजच्या बैठकीत ०.३१ × ४० म्हणजे १२ वॉटहून अधिक उष्णता निघते आहे आणि हात तिथेच घालायचा आहे, हे कोणतीही वस्तू न बदलता कळले.

आजकाल लांबून तापमान सांगणारे अवरक्त तापमापक सहज मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०२० च्या साथीत घरोघरी आलेले कपाळाचे तापमान पाहणारे यंत्र या कामाचे नाही; त्याची मर्यादा तापाच्या आकड्यांपुरती असते. दुसरे म्हणजे चकचकीत धातू अवरक्त किरणांचे उत्सर्जन कमी करतो, त्यामुळे वाचन खऱ्यापेक्षा बरेच कमी येते. शेजारच्या काळ्या आवरणावर नेम धरावा.

दोष एकाचा, शिक्षा दुसऱ्याला

असा जोड वेळीच सापडला नाही तर पदरचे पैसे कसे जातात तेही पाहण्यासारखे आहे. काही गाड्यांत रेग्युलेटर आल्टरनेटरच्याच खुंटीवरचे विभवांतर पाहतो. तिथे त्याला १४.२ व्होल्ट दिसतात आणि तो समाधानी असतो. वाटेत ०.८ व्होल्ट गळाले तर बॅटरीला मिळतात १३.४. ती कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि सकाळी गाडी सुरू होईनाशी होते. मग बॅटरी बदलली जाते. काही महिन्यांत नवीही तशीच होते. दिवसाच्या कमाईवर घर चालवणाऱ्या रिक्षा-टॅक्सीचालकाला हा खर्च आणि बुडालेले दिवस दोन्ही सोसावे लागतात.

दुसऱ्या काही गाड्यांत रेग्युलेटर बॅटरीपाशी विभवांतर पाहतो. तिथे १४.२ मिळावेत म्हणून तो आल्टरनेटरकडून १५ व्होल्ट काढून घेतो. बॅटरी ठणठणीत राहते, दिवे लख्ख असतात, तक्रार कसलीच नसते. जोड मात्र तापतच राहतो. पहिला दोष गाडी बंद पाडून तरी सांगतो. हा दुसरा वास येईपर्यंत काहीच सांगत नाही.

दुरुस्ती आणि दक्षता

दुरुस्ती सोपी आहे, फक्त घाई नको. इंजिन बंद करून, भाग थंड झाल्यावर बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. काळी पडलेली तार लालसर चकचकीत तांबे लागेपर्यंत कापावी. काळ्या धाग्यांवर बसवलेली थिंबल पुन्हा तापणारच. नवी थिंबल पक्कडीने चेपून न बसवता क्रिंपिंगच्या हत्याराने दाबावी. नुसत्या सोल्डरवर विसंबू नये. नेहमीचे सोल्डर १८३ अंशांच्या पुढे मऊ होऊ लागते, शिवाय ते तारेत शिरून तिला ताठर करते आणि थरथरीने ती तिथेच तुटते. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग पॉलिशपेपरने घासून काढावा, स्प्रिंग वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि नंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. कनेक्टर भाजलेला असेल तर त्याची दोन्ही अंगे बदलावीत. एक सैल अंग शेजारच्या नव्या अंगालाही बिघडवते. काम झाल्यावर व्होल्टेज ड्रॉप पुन्हा मोजावा. जोड सुधारल्याचा पुरावा तोच.

काही पथ्ये काटेकोर पाळावीत. चालू इंजिनाजवळ ओढणी, पदर, टाय किंवा सैल बाही नको. अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे. धन खुंटी आणि सांगाडा यांच्यामध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते. बॅटरीजवळ ठिणगी नको, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून ‘चार्जिंग होते का’ हे पाहण्याची डायनॅमोच्या काळातील सवय आल्टरनेटरच्या गाडीत मोडायलाच हवी. बॅटरी सुटली की क्षणभर विभवांतर कित्येक दशक व्होल्टपर्यंत उसळते आणि डायोड व इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होतात. विजेवर किंवा संमिश्र शक्तीवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारांना तर हातच लावू नये. त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

वर्गात करून पाहण्यासाठी

यासाठी मोटार लागत नाही. बारा व्होल्टची बॅटरी, दहा अँपिअरचा फ्यूज, ५५ वॉटचा मोटारीचा दिवा आणि एक मल्टिमीटर पुरे. परिपथात मुद्दाम दोन जोड ठेवावेत. एक स्क्रूने घट्ट आवळलेला, दुसरा दोन गंजलेले खिळे एकमेकांवर आडवे टेकवून केलेला. दिवा एका वेळी मिनिटभरच लावावा. धारा साडेचार अँपिअरच्या आसपास असेल. दोन्ही जोडांवरचे विभवांतर मोजून नोंदवावे आणि धारेने भागून रोध काढावा. मग खिळ्यांचा जोड कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याने दाबून धरावा आणि वाचन कसे उतरते ते पाहावे. खिळे पॉलिशपेपरने घासून पुन्हा मोजावे. दाब आणि स्वच्छता या दोन्ही गोष्टी आकड्यांत दिसतील. शेवटी बॅटरी सोडवून तोच जोड ओहमच्या पट्टीवर मोजावा, म्हणजे ती पट्टी इथे का उपयोगाची नाही ते विद्यार्थी स्वतःच सांगतील. फ्यूज या सगळ्यात एकदाही वितळला नाही, हेही त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

मोठ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न देता येईल. जोडाचा रोध शून्य असेल तर त्यात उष्णता निघत नाही. तो अनंत असेल, म्हणजे जोड तुटला असेल, तरीही निघत नाही. मग सर्वांत जास्त उष्णता केव्हा निघेल? बॅटरी आणि दिवा यांचा रोध बदलत नाही असे धरून मुलांनी आलेख काढावा. जोडाचा रोध उरलेल्या परिपथाच्या रोधाइतका झाला की उष्णता कमाल होते, हे उत्तर आलेखातूनच मिळेल. तुटलेला जोड फक्त गाडी बंद पाडतो, अर्धवट तुटलेला जोड ती पेटवू शकतो, हे त्या आलेखाचे मराठीत भाषांतर!

हीच गोष्ट आपल्या घरातही घडत असते. गिझरचा किंवा इस्त्रीचा प्लग तपकिरी पडतो, सॉकेटमधून वास येतो, पण एमसीबी पडत नाही. कारण एमसीबीही धाराच पाहतो. आता उपनगरांतील सोसायट्यांत विजेवरच्या स्कूटरी आणि मोटारी रात्रभर सॉकेटला लावून भरल्या जाऊ लागल्या आहेत. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी मात्र सात-आठ तास एकसारखी धारा घेते. सैल सॉकेटला तापायला एवढा वेळ पुष्कळ झाला. वेगाने भार देणाऱ्या मोठ्या चार्जरच्या जोडणीत म्हणूनच तापमानाचे संवेदक बसवलेले असतात. जोड तापू लागला की ते धारा कमी करायला लावतात. जे फ्यूजला दिसत नाही ते पाहण्यासाठी केलेली ही सोय आहे. घरच्या सॉकेटला मात्र असा संवेदक नसतो. तिथे तपकिरी पडलेला प्लग ओळखणारा आणि त्याचा अर्थ घरच्यांना समजावून सांगणारा एखादा विद्यार्थी असला, तर तेवढी उणीव भरून निघेल.